दार उघडं होतं, मग चोर कोण?

गाडीतून काही चोरीला गेलं की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘लॉक केलं नव्हतंस?’ दुसरा : ‘एवढी रक्कम कोणी गाडीत ठेवतं का?’ चोराची पाळी तिसऱ्या-चौथ्या प्रश्नाला येते. खरा चोर तेव्हा समोर नसतो, त्यामुळे जो गरीब माणूस समोर उभा असेल त्याच्याकडे बोट जातं. मालक बेफिकीर आणि पोरगा चोर, असा निकाल दहा मिनिटांत लागतो. पंचनामा नंतर.

गेल्या वर्षी आमच्या घरात हेच झालं. माझ्या खालाचा मुलगा, मला मोठा भाऊच, भिवंडीत भाड्याच्या जागेत लूम चालवतो. पगाराचा दिवस होता. बँकेतून ४२ हजार काढून कापडी पिशवीत घातले, पिशवी सीटखाली सरकवली आणि दोनच्या सुमारास तो कारखान्याच्या गेटवर आला. नमुन्याचे दोन ताके आत न्यायचे होते, दोन्ही हात भरलेले. गाडी लॉक झाली नाही. पंधरा मिनिटांनी बाहेर आला तेव्हा दार लागलेलं होतं, आरसा जागेवर होता, काचेला ओरखडा नव्हता. फक्त पिशवी नव्हती.

मला फोन आला : ‘तू कॉम्प्युटरवाला आहेस, येऊन कॅमेरा बघ.’ मी कोड लिहितो, कॅमेरे बसवत नाही, पण हा फरक घरच्यांना समजावण्याचा नाद मी केव्हाच सोडला आहे. पोहोचलो तेव्हा ऑफिसात स्टुलावर कांडी मशीनवरचा पोरगा बसवलेला होता. पूर्वांचलचा, एकोणीस-वीस वर्षांचा. त्याचा मोबाइल मेहताजींच्या हातात. त्याच्या खोलीतली पत्र्याची पेटी कोणीतरी उघडून पाहिली होती. दोन थपडा बसून झाल्या होत्या. पुरावा काय, तर दोन वाजून दहा मिनिटांनी तो गेटजवळ उभा असल्याचं कॅमेऱ्यात दिसत होतं.

मी डीव्हीआरवर लाइव्ह चित्र लावलं आणि मोबाइल शेजारी धरला. डीव्हीआरचं घड्याळ चाळीस मिनिटं पुढे होतं. म्हणजे पोरगा गेटवर दिसत होता तो दीडला, गाडी आली त्याच्या अर्धा तास आधी. खऱ्या दोन ते सव्वादोनच्या वेळेचं चित्र काढलं तर तो आतल्या कॅमेऱ्यात कांड्या भरताना दिसला, अखंड. गेटचा कॅमेरा शटरकडे वळवलेला, रस्ता त्यात येतच नव्हता, त्यामुळे पिशवी कोणी नेली ते आजही कळलेलं नाही. ऑफिसात क्षणभर शांतता झाली. मग कोणीतरी म्हणालं, ‘मग ह्याने बाहेरच्यांना इशारा दिला असेल.’

लॉजिक असं चालतं. एक पुरावा पडला की संशय दुसरीकडे टेकू शोधतो, पण जागा सोडत नाही. आणि ज्याला तासभर स्टुलावर बसवलं होतं, त्याचाही पंधरवड्याचा पगार त्याच पिशवीत होता.

आता पहिल्या बोटाबद्दल, मालकाच्या. इथे आपण दोन वेगळ्या गोष्टी एकाच शब्दात कोंबतो. दार उघडं असणं हे चोरी होण्याचं एक कारण असू शकतं. पण कारण म्हणजे गुन्हा नव्हे. आमच्या कामात एखादी सिस्टिम रात्री बंद पडली की दुसऱ्या दिवशी बैठक होते. चांगल्या टीममध्ये त्या बैठकीचा नियम असा असतो की ‘कोणी केलं’ हे विचारायचं नाही, ‘कुठली कडी निसटली’ हे विचारायचं. हे दयाळूपणातून आलेलं नाही. माणसं घाबरली की माहिती लपवतात आणि पुढची चूक त्याच जागी होते. मात्र कोणी बाहेरून घुसून डेटा चोरला असेल तर गुन्हेगार तोच, पासवर्ड कितीही सोपा असला तरी.

कायदाही असंच म्हणतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत चोरीची व्याख्या कलम ३०३ मध्ये आहे. दुसऱ्याच्या ताब्यातली वस्तू त्याच्या संमतीशिवाय, अप्रामाणिक हेतूने हलवणं म्हणजे चोरी. जुन्या दंडसंहितेच्या कलम ३७८ मध्येही हेच होतं. या व्याख्येत कुलूप हा शब्द नाही. दार लावलं होतं का, काच वर होती का, सीटखाली की सीटवर, यातलं काहीही चोरी ठरायला लागत नाही. संमती होती का, एवढाच प्रश्न. उघडं दार म्हणजे संमती नव्हे, हे कोणत्याही घरात आठ वर्षांच्या मुलालाही माहीत असतं.

कुलपाचा प्रश्न येतो तो पैशाच्या भरपाईत, आणि तिथे तो रास्त आहे. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे एका ट्रकचं प्रकरण आलं होतं. चालक पत्ता विचारायला खाली उतरला, किल्ली आतच राहिली, ट्रक गेला. विमा कंपनीने निष्काळजीपणाचं कारण देऊन दावा पूर्ण नाकारला. न्यायालयाने ७५ टक्के रक्कम द्यायला लावली. म्हणजे किल्ली आत राहिल्याची किंमत एक चतुर्थांश धरली गेली, शंभर टक्के नाही. उलट बाजूचाही निकाल आहे. १९९८ मध्ये दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलात एका पाहुण्याने मारुती झेनची किल्ली पार्किंगच्या माणसाकडे दिली आणि गाडी चोरीला गेली. पावतीवर ‘मालकाच्या जबाबदारीवर’ असं छापलेलं होतं. नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की गाडी ताब्यात घेतल्यावर निष्काळजीपणा करून त्या छापील ओळीमागे हॉटेलला लपता येणार नाही. लग्नाच्या हॉलबाहेर शिट्टी वाजवत किल्ल्या गोळा करतात, तिथे हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

आमच्या भावाच्या बाबतीत विम्याचा प्रश्नच नव्हता. गाडीच्या नेहमीच्या पॉलिसीत गाडी असते, गाडीतली रोकड नसते. लॅपटॉपसारख्या वैयक्तिक सामानासाठी वेगळं कवच जादा पैसे भरून घ्यावं लागतं. आयटीत काम करणाऱ्या किती जणांनी ते घेतलंय, मित्रांना विचारून पाहा.

आणि एक तांत्रिक बाब. गाडी उघडी राहिली याचा अर्थ दर वेळी मालक विसरला असा होत नाही. रिमोटचा सिग्नल अडवणारं छोटं यंत्र जवळ उभ्या माणसाच्या खिशात असेल तर तुम्ही बटण दाबता आणि गाडीपर्यंत काहीच पोहोचत नाही. दिवे लुकलुकले का, आवाज आला का, हे पाहावं आणि एकदा हँडल ओढावं. ‘ऑइल गळतंय’, ‘तुमच्या नोटा पडल्यात’ असं सांगून चालकाला खाली उतरवणाऱ्या टोळ्यांबद्दल मुंबई-ठाण्यात पोलीस अनेकदा सावध करत आले आहेत. अशा वेळी माणूस स्वतःहून दार उघडतो. त्यालाही आपण मूर्ख म्हणतो.

घरात या सगळ्यावर चर्चा झाली तेव्हा मोठ्यांपैकी एकांनी उंटाची हदीस सांगितली, जी आपल्यातल्या प्रत्येकाने लहानपणापासून ऐकली आहे : उंट बांध आणि मग अल्लाहवर भरोसा ठेव. तिरमिजीत आहे. सांगणाऱ्यांचा रोख भावाकडे होता. मला वाटतं, ही हदीस आपण चुकीच्या वेळी वापरतो. ती उंट जाण्याआधीची शिकवण आहे. उंट गेल्यावर मालकाला चिडवण्यासाठी ती नाही.

फिक्हमध्ये मात्र या प्रश्नाचा फार बारीक विचार झालेला आहे आणि तो तरुणांपर्यंत क्वचित पोहोचतो. ‘हिर्ज’ नावाची संकल्पना आहे : वस्तू ज्या प्रकारे सांभाळली जाते ती सुरक्षित जागा. बहुतेक फुकहांच्या मते चोरीची सगळ्यात कडक सजा लागू व्हायची तर वस्तू हिर्जमध्ये असायला हवी. उघड्यावर टाकलेली वस्तू नेली तर ती सजा टळते. पण गुनाह टळत नाही, वस्तू परत करण्याची जबाबदारी टळत नाही, आणि मालक दोषी ठरत नाही. मालकाच्या सावधपणाचा संबंध सजेच्या मापाशी जोडला, दोषाशी नाही. (हे सांगताना मला कुणाचे हात तोडायचे नाहीत. आपल्याकडे कायदा संहितेचा आहे आणि तोच असावा.)

मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो इमाम मालिक यांच्या ‘मुवत्ता’मधला हजरत उमर (रजि.) यांच्या काळचा प्रसंग. हातिब यांच्या घरच्या गुलामांनी मुझैना टोळीतल्या एका माणसाची उंटीण चोरून कापून खाल्ली. आधी सजेचा हुकूम झाला. मग उमर यांनी धन्याकडे पाहून विचारलं की तुम्ही यांना उपाशी ठेवता की काय. उंटिणीची किंमत चारशे दिरहम निघाली. धन्याला आठशे भरायला लावले. दोष शोधताना नजर खालून वर नेणारा न्याय मला तरी भिवंडीत फार दिसलेला नाही. आपल्याकडे ती नेहमी वरून खाली जाते. लूमवर बारा-बारा तास उभा राहणारा, मीटरवर पैसे घेणारा, बिस्सीत जेवणारा माणूस आपल्या शहराचं कापड विणतो, आणि काही हरवलं की पहिली झडती त्याच्या पेटीची.

पिशवीतले पैसे कोणाचे होते, यावरून त्या संध्याकाळी वाद झाला. मेहताजींचं म्हणणं, चोरी झाली, आता कामगारांनी पुढच्या पंधरवड्यापर्यंत थांबावं, आपत्ती सगळ्यांवर आली आहे. भाऊ क्षणभर त्याकडे झुकला होता. मी स्पष्ट विरोध केला. पगार कामगाराच्या हातात पडेपर्यंत रोकड मालकाची, म्हणून नुकसानही मालकाचं. चोराने मालकाला लुटलं, मालकाने ते नुकसान वीस माणसांवर वाटून टाकलं तर दुसऱ्यांदा लुटणारा कोण? डेटाच्या बाबतीत देशाच्या कायद्याने ही रेघ आता आखली आहे. २०२३च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात, लोकांची माहिती सांभाळणाऱ्या कंपनीने वाजवी सुरक्षा ठेवली नाही तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. हॅकर गुन्हेगार आहेच, पण कंपनीने दुसऱ्याची चीज सांभाळायला घेतली होती. आपली स्वतःची वस्तू उघडी ठेवणारा फक्त पीडित असतो. दुसऱ्याचं देणं घेऊन फिरणाऱ्यावर अमानतीचा भार असतो. भावाने दुसऱ्या दिवशी बाजारातून उचल घेऊन सगळ्यांचा पगार दिला. त्याला ते जड गेलं, व्याजाशिवाय पैसे देणारा माणूस शोधायला अर्धा दिवस गेला, पण दिला.

आता पोरगा. त्याला बसवून ठेवणाऱ्यांपैकी कोणालाही आपण गुन्हा करतोय असं वाटत नव्हतं. चोरी पकडतोय, असंच वाटत होतं. म्हणून हे नीट वाचा. साध्या चोरीला कलम ३०३ खाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे. आणि कबुली काढण्यासाठी किंवा वस्तू परत मिळवण्यासाठी एखाद्याला मारहाण करणं, याला संहितेच्या कलम १२० खाली सात वर्षांपर्यंत. जुन्या दंडसंहितेत हे कलम ३३० होतं, पोलिसांनाही लागू आणि कारखानदारालाही. म्हणजे त्या ऑफिसात, कायद्याच्या नजरेने, गाडीतल्या चोरीपेक्षा मोठा गुन्हा चालू होता आणि तो करणारे सगळे घड्याळ घातलेले, इस्त्रीचे कपडे घातलेले, पाच वक्तांपैकी निदान तीन नमाजा पढणारे होते.

यावर ‘दोन थपडांचं एवढं काय’ असं मला ऐकवलं गेलं. थपडा किती यावर गर्दी थांबत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षा मागणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून मारून टाकलं. १६ एप्रिल २०२० रोजी पालघरच्या गडचिंचलेत दोन साधू आणि त्यांचा चालक अशाच अफवेला बळी पडले. दोन्हीकडे मारणाऱ्यांची खात्री होती. दोन्हीकडे समोरचा माणूस परका होता, आणि परका असणं हाच पुरावा धरला गेला.

ही गोष्ट आपल्या वाचकांना तरी वेगळी समजावून सांगायला नको. पुण्यात किंवा ठाण्यात नोकरीला लागल्यावर ‘कुठला?’ या प्रश्नाला ‘भिवंडी’ असं उत्तर दिल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर काय उमटतं, ते आपण पाहिलेलं आहे. माझ्या एका सहकाऱ्याला मी ही चोरी सांगितली तर तो हसून म्हणाला, ‘भिवंडीत गाडी उघडी ठेवल्यावर दुसरं काय होणार!’ त्याच्या मनात चोर आधीच ठरला होता : अख्खं शहर. भाड्याने घर शोधताना नावावरून नकार आलेली मुलं हे वाचत असतील. आपल्यावर हे झालं की आपण त्याला अन्याय म्हणतो, पोस्टी लिहितो, संविधानाचं कलम सांगतो. आणि आझमगड-बस्तीकडून आलेल्या पोराच्या पेटीला हात घालताना तोच हिशेब आपण विसरतो. तो मुसलमान होता की हिंदू, हे मी मुद्दाम लिहिलेलं नाही. तिथल्या लोकांनाही त्याने काही फरक पडला नव्हता. तो ‘यूपीवाला’ होता, तेवढं पुरेसं होतं.

मग दाद मागायची कुठे? पोलिसांकडे, आणि नीट मागायची. आम्ही गेलो त्या ठाण्यात (कुठलं ते सोडा) आधी ‘गहाळ’ असा अर्ज लिहून द्या म्हणाले. गहाळ म्हणजे तुमच्या हातून पडलं. चोरी म्हणजे कोणीतरी नेलं. एका शब्दाने गुन्हाच नाहीसा होतो आणि आकडेवारी छान दिसते. दुसऱ्या फेरीला आम्ही लेखी तक्रार टाइप करूनच नेली. नव्या व्यवस्थेत पाच हजारांपेक्षा कमी किमतीची चोरी अदखलपात्र आहे, त्याहून जास्त असेल तर दखलपात्र. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी प्रकरणात २०१३ मध्येच सांगितलं आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे एफआयआरची प्रत तक्रारदाराला मोफत मिळते. हद्द कुठलीही असली तरी नोंद घ्यावी लागते. ऑनलाइन माहिती दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. ठाण्याने नाकारलं तर वरिष्ठांना लेखी कळवायचं, तिथेही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. आमचा एफआयआर दुसऱ्या फेरीत झाला, आवाज न चढवता. तिथल्या हवालदाराने शेवटी चहाही पाजला. प्रत्येक खाकी माणूस वाईट असतो असं माझं मत नाही, पण कागद हातात असला की चांगला माणूस लवकर चांगला होतो.

गाडीतून मोबाइल गेला असेल तर त्याच तासात सिम बंद करा, बँकेला कळवून यूपीआय थांबवा, पैसे वळते झाले असतील तर १९३० वर फोन करा. तक्रारीची प्रत हातात आली की संचार साथी पोर्टलवर आयएमईआय क्रमांक टाकून हँडसेट ब्लॉक करता येतो. २०२३ पासून ही सोय देशभर आहे. तो क्रमांक आजच कुठेतरी लिहून ठेवा, मोबाइल गेल्यावर तो मोबाइलमध्ये शोधायची वेळ येऊ नये. ऑफिसचा लॅपटॉप गेला तर ओशाळून रात्र काढू नका, तत्काळ कंपनीला सांगा. मशीनपेक्षा आतला डेटा महाग असतो आणि तो दूरून पुसता येतो, पण वेळेत सांगितलं तरच.

एक गोष्ट भिवंडीने स्वतः शोधलेली आहे आणि आपल्या पिढीला ती फक्त ऐकून माहीत आहे. १९७० आणि १९८४ या दोन दंगलींत या शहराने अफवा आणि खात्री यांची किंमत मोजली. १९८८च्या सुमारास इथे पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांची साधी माणसं आणि पोलीस एका सतरंजीवर बसायचे, नळाच्या भांडणापासून मिरवणुकीच्या रस्त्यापर्यंत सगळं तिथे यायचं. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. आज शांतता समित्या सणांच्या आधी भरतात, फोटो निघतात, विषय संपतो. रस्त्यावरचा बंद दिवा, शटरकडे वळलेला कॅमेरा, कोणाच्या घडीत कोणाला पकडून बसवलं, हे रोजचे विषय तिथे परत यायला हवेत. कॅमेऱ्यांची घड्याळं महिन्यातून एकदा मिळवायला अर्धा तास लागतो. आमच्या गल्लीपुरतं ते काम मी घेतलं आहे. कारखान्यांत काम करणाऱ्यांचा एक माणूस कमिटीत असावा असंही मी सुचवलं. त्यावर अजून ‘बघू’ एवढंच उत्तर आहे.

पोरगा आठ दिवसांनी गेला. पगार मिळाला होता, भावाने त्याची माफीही मागितली होती, मेहताजींनी नाही. जाण्याचं कारण त्याने मला वेगळंच सांगितलं. त्या दुपारी स्टुलावर बसलेला असताना कोणीतरी त्याचा फोटो काढून मोहल्ल्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘चोर सापडला’ असं लिहून टाकला होता. संध्याकाळी अॅडमिनने तो काढला. तोवर तो इतर ग्रुपांत गेला होता, आणि चहाच्या टपरीवर त्याला लोक ओळखू लागले होते. त्या ग्रुपमध्ये तीनशेच्या वर माणसं आहेत. मी तिथे डीव्हीआरच्या घड्याळाची हकिकत लिहून टाकली, त्याला चार अंगठे आले. ज्याने फोटो टाकला तो अजून ग्रुपमध्ये आहे, रोज सकाळी सलामचा मेसेज पाठवतो.